परत आलेला ताप आणि आपले पाणी

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. गेल्या पावसाळ्यात डासाचे जीवनचक्र फळ्यावर काढीत असताना मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "मॅडम, पेपरात लिहितात की चिकुनगुन्या परत आला. मग मधल्या काळात तो असतो कुठे?" पाठ्यपुस्तकात या प्रश्नाला उत्तर नाही. तेथे अंडी, अळी, कोष आणि डास अशी चार चित्रे आहेत आणि त्यांच्याभोवती बाणांचे एक वर्तुळ आहे. त्या वर्तुळात माणूस नाही, घर नाही, पाण्याचे पिंपही नाही. त्या दिवशी मी मुलीला थातूरमातूर उत्तर देऊन तास संपवला. घरी आल्यावर मात्र मला माझी आजी आठवली. या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिने मला २००६ सालीच देऊन ठेवले होते.

त्या वर्षी मी बारावीत होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. सोलापूर जिल्ह्यातील एका गावाच्या कडेला आमची वस्ती. आई दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाई, बाप बाजारात हमाली करी. पावसाळ्यात आधी आई पडली, चार दिवसांनी बाप, मग मी आणि धाकटा भाऊ. ताप तीन-चार दिवसांत उतरला, पण सांधे धरले ते सुटेनात. आईच्या हाताची मूठ मिटत नव्हती. खुरपे धरायचे तर बोटे वळली पाहिजेत, ती वळत नव्हती. सकाळी उठली की ती भिंतीला धरून चालायची. बापाला पाठीवर पोते घेता येईना. घरातले दोन्ही मिळवते माणूस एकाच आठवड्यात बसले आणि दिवाळीपर्यंत नीट उभे राहिले नाहीत. या आजाराबद्दल वैद्यकाच्या पुस्तकांत 'सहसा प्राणघातक नाही' असे लिहिलेले असते. ते खरे आहे. परंतु ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याच्या घरात पाच महिने बोटे न वळणे म्हणजे काय, हे त्या वाक्यात येत नाही.

घरात आजी तेवढी उभी होती. सत्तरीच्या घरातली बाई, पण तिला काही झाले नाही. ती आमच्या आणि शेजारच्या तीन-चार घरांच्या भाकरी थापीत होती. ती म्हणाली, "ह्यो ताप नवा न्हाई पोरी. बार्शीला हुतो तवा समदी गल्ली अशीच आडवी झाली हुती. माजंबी अंग असंच धरलं हुतं. मोठ्या दुष्काळाच्या म्होरल्या सालाला." सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना तिने हेच सांगितले, तेव्हा तेथील साहेबांनी "आजी, हा रोग नवीन आहे" असे म्हणून तिला बाजूला केले. मलाही तेव्हा आजीचेच चुकत असेल असे वाटले. शिक्षणाने आपल्याला जे अनेक रोग लागतात त्यांतला हा एक. कागदावर छापलेले तेवढे खरे आणि आपल्या माणसाने सांगितलेले मात्र भ्रम, असे आपण धरून चालतो.

पुढे एम.एस्सी.ला असताना ग्रंथालयात मला बार्शी सापडली. १९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तिची नोंद केलेली आहे. पाहणी केलेल्या लोकांपैकी सुमारे ३७ टक्के लोक आजारी पडले होते. मोठा दुष्काळ १९७२ चा, आणि 'म्होरलं साल' १९७३. आजीचा हिशेब बरोबर होता. ती तेव्हा हयात नव्हती, त्यामुळे हे तिला सांगायचे राहून गेले.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. हा ताप प्रथम ओळखला गेला तो पूर्व आफ्रिकेत, तेव्हाच्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात. १९५२-५३ साली तेथील माकोंडे पठारावर साथ आली आणि माणसे वेदनेने वाकून चालू लागली. माकोंडे लोकांच्या भाषेत 'वाकवून टाकणारा' अशा अर्थाचा जो शब्द होता तोच रोगाचे नाव झाला. म्हणजे चिकुनगुन्या हे नाव कोणा शास्त्रज्ञाने बसवलेले नाही, ते ज्यांची शरीरे वाकली त्यांनीच दिलेले आहे. (आपल्याकडे पुष्कळांना हा शब्द कोंबडीवरून, चिकनवरून आला असे वाटते. २००६ मध्ये आमच्याकडे त्यापायी कित्येक घरांत कोंबडी शिजेनाशी झाली होती.) आपल्या देशात १९६३ साली कलकत्त्यात, १९६४ मध्ये मद्रासकडे, १९६५ मध्ये नागपुरात आणि शेवटी १९७३ मध्ये बार्शीत साथ आली. त्यानंतर बत्तीस वर्षे शांतता. ती इतकी पूर्ण होती की पुण्याच्या संस्थेच्या तेव्हाच्या संचालक डॉ. खोर्शेद पावरी यांनी १९८६ साली भारतातून आणि आग्नेय आशियातून हा विषाणू नाहीसा झाल्याबद्दल एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले.

२००५ च्या अखेरीस तो पुन्हा दिसला. आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्र असे करीत २००६ मध्ये देशात सरकारी हिशेबाने सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण झाले. प्रयोगशाळेत विषाणूची तपासणी झाली तेव्हा एक गोष्ट उघड झाली. १९६३ आणि १९७३ चा विषाणू ज्या घराण्याचा होता त्याला आशियाई म्हणतात. २००६ चा विषाणू आफ्रिकी घराण्याचा निघाला. तेव्हा 'परत आला' हे काटेकोरपणे पाहिले तर खरे नाही. जुना गेला तो गेलाच, आता आला तो त्याचा भाऊबंद. आणि हा भाऊबंदही २००५ मध्ये एकाएकी उतरला नव्हता. पुणे-सोलापूर रस्त्यावरील यवत येथे २००० साली पकडलेल्या डासांत याच आफ्रिकी घराण्याचा विषाणू मिळालेला होता. म्हणजे साथ दिसण्याच्या पाच वर्षे आधी तो आमच्या एस.टी.च्या रस्त्यावर येऊन बसला होता.

मधल्या काळात तो असतो कुठे, याचे उत्तर असे की आफ्रिकेच्या रानांत तो माकडे आणि रानडास यांच्यात फिरत राहतो. तेथून कधी माणसांत येतो, आणि माणसांच्या प्रवासाबरोबर बंदरे व शहरे गाठतो. २००४ साली तो केनियाच्या किनाऱ्यावरील लामू बेटावर आला. तेथे त्या वर्षी दुष्काळ होता. पाऊस पडला की डास होतात असे आपण समजतो, पण लामूत पाऊस नव्हता आणि तरीही पाहणीनुसार सुमारे पाऊणशे टक्के लोकांना लागण झाली. अभ्यासकांनी त्याचे जे कारण पुढे ठेवले ते आपल्या बायकांना सांगावे लागणार नाही. पाणी मिळत नव्हते म्हणून लोक घरात साठवीत होते, आणि साठवलेले पाणी फार दिवस बदलले जात नव्हते. लामूहून कोमोरोस, कोमोरोसहून फ्रान्सच्या ताब्यातील रियुनियन बेट, आणि त्याच सुमारास भारत, असा त्याचा प्रवास झाला. रियुनियनमध्ये विषाणूच्या एका प्रथिनात लहानसा बदल झाला आणि आशियाई पट्टेरी डासाच्या अंगात तो अधिक सहज वाढू लागला. २००७ मध्ये केरळात तोच बदल आढळला, आणि त्याच वर्षी केरळहून गेलेल्या एका प्रवाशाबरोबर हा ताप इटलीतल्या एका खेड्यातही पोहोचला.

पण बाहेरून विषाणू आला एवढ्याने साथ होत नाही. त्याला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे ज्यांना तो पूर्वी झालेला नाही अशी माणसे. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, एक होऊन गेला तरी दुसरा होऊ शकतो. चिकुनगुन्याचे तसे नाही. घराणे कोणतेही असो, एकदा होऊन गेला की शरीर त्याला पुढे दीर्घकाळ, बहुधा जन्मभर ओळखते. कलकत्त्यातील एक पाहणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीत फक्त चार-साडेचार टक्के लोकांच्या रक्तात या तापाची खूण उरलेली होती आणि ते पन्नाशीच्या आसपासचे होते, तरुणांत ती नव्हती. आमच्या आजीचे रक्त कोणी तपासले नाही. पण ती एकटी उभी का राहिली याचा उलगडा मला त्या पाहणीत झाला. बार्शीचा ताप तिच्या रक्तात बत्तीस वर्षे टिकून होता, आणि आम्ही सगळे त्या बत्तीस वर्षांत जन्मलेले किंवा बार्शीबाहेर वाढलेले होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे डासाचे घर. याविषयी जरा विस्ताराने लिहिणे जरूर आहे, कारण सर्वांत जास्त खोटे येथेच बोलले जाते.

हा ताप पसरवणारा डास एडिस इजिप्ती. काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा. चिकुनगुन्या, डेंग्यू, झिका यांचा मुख्य वाहक तोच. (पुरंदर तालुक्यातील बेलसरला २०२१ मध्ये महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हा त्याचे नाव पुन्हा चर्चेत आले.) हा मूळचा आफ्रिकेचा. अमेरिका खंडात तो गेला तो गुलामांच्या जहाजांवरील पिण्याच्या पाण्याच्या पिंपांतून, असे इतिहासकार मानतात. गटार, उकिरडा, चिखल यांत तो राहात नाही. त्याला साठवलेले, स्थिर आणि बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते. रांजण, हौद, सिमेंटची टाकी, प्लास्टिकचे पिंप, कूलर, कुंडीखालची बशी, टायर. मादी पाण्यावर अंडी घालीत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, पिंपाच्या ओलसर आतल्या भिंतीला ती अंडी चिकटवते. ही अंडी काळ्या मोहरीच्या कणाहूनही बारीक असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी वर चढून त्यांना भिडले की ती फुटतात. अळी, कोष आणि डास व्हायला उन्हाळ्यात सात-आठ दिवस पुरतात, एरवी दहा-बारा.

आता आमच्या वस्तीतील नळाचा वार आणि हे दिवस शेजारी ठेवून पाहा. माझ्या लहानपणी नळ आठ दिवसांनी येई. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे ही गोष्ट कोणाला नवी नाही. नळ येईल त्या दिवशी मी शाळा बुडवून पाणी भरी, पुढे कॉलेजही बुडवले. दोन ब्यारल, एक रांजण, सिमेंटचा छोटा हौद, शिवाय हंडे-कळशा. ब्यारल कधी पूर्ण रिते होत नसे. तळाशी हातभर पाणी राखूनच ठेवायचे, कारण नळ चुकला तर काय. नवे पाणी आले की त्याच्यावर ओतायचे. पातळी वर चढते, भिंतीवरची अंडी भिजतात आणि फुटतात. म्हणजे मी जेव्हा जेव्हा जबाबदार मुलीसारखे घरातले पाणी भरून ठेवीत होते, तेव्हा तेव्हा डासाची एक पिढी जागी करीत होते. हा डास आपल्या जन्मठिकाणापासून फार लांब उडत नाही, बहुधा शंभर-दोनशे मीटरच्या आत राहतो. आईला चावलेला डास आमच्याच किंवा शेजारच्या ब्यारलात जन्मलेला असणार.

बत्तीस वर्षे विषाणू नव्हता, पण ब्यारल होते. १९७३ ला बार्शीत पाणी साठवावे लागत होते आणि २००६ ला आमच्या वस्तीतही साठवावे लागत होते. मधल्या काळात योजना आल्या, उद्घाटने झाली, नळाच्या तोट्याही बसल्या. दररोज पाणी तेवढे आले नाही.

'डास जात पाहात नाही' असे एक वाक्य अलीकडे व्याख्यानांतून ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. बंगल्यातल्या कूलरमध्येही हा डास होतो आणि डॉक्टरलाही डेंग्यू होतो, हे बरोबर. १९९६ मध्ये दिल्लीत डेंग्यूचे १० हजारांवर रुग्ण आणि ४२३ मृत्यू झाले, तेव्हा राजधानी हादरली. पण गच्चीवर झाकणाची टाकी असलेले घर आणि दारात उघडी पाच पिंपे असलेले घर यांना डास सारखाच भेटतो असे म्हणता येणार नाही. आणि कोणाच्या गल्लीत नळ रोज येतो, कोणाच्या वस्तीत आठ दिवसांनी, हे डासाने ठरवलेले नाही.

२००६ मध्ये आमच्या वस्तीत पालिकेची माणसे आली. त्यांनी बॅटरी मारून ब्यारल पाहिले, अळ्या दिसल्या, आणि आईच्या डोळ्यांदेखत दोन ब्यारल पाणी रस्त्यावर उलथले. त्यांतला एक जण म्हणाला, "तुम्ही लोक घाणीत राहता म्हणून सगळ्या गावाला रोगराई." नळ यायला अजून पाच दिवस होते. आई काही बोलली नाही, तिला उभे राहवत नव्हते. मला ते वाक्य तेव्हाही ओळखीचे वाटले होते. ते का ओळखीचे वाटले हे कळायला महाड वाचावे लागले. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरी आणि पंचगव्य यांचा विधी करून ते तळे 'शुद्ध' केले. आमच्या स्पर्शाने पाणी बाटते हा त्या वेळचा आरोप. आमच्या पाण्याने गाव बाटते हा २००६ चा. अळ्या खऱ्या होत्या, ते मी नाकारीत नाही. पण ज्या डासाला स्वच्छ पाणी लागते तो सापडला म्हणून आम्हाला घाणेरडे म्हणणे, हे शास्त्र नव्हते. त्याच संध्याकाळी धूरफवारणीची गाडी येऊन गेली. पोरे तिच्यामागे धावली. तो धूर अंड्यांना आणि अळ्यांना काही करीत नाही, आणि घरात कपड्यांमागे बसलेल्या डासापर्यंत रस्त्यावरचा धूर फारसा पोहोचत नाही.

मृत्यूंच्या नोंदीविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये सुमारे २ लाख ६६ हजार लोकांना हा ताप झाला, म्हणजे बेटाच्या एक तृतीयांश लोकसंख्येला. मृत्यूच्या दाखल्यांवरून तेथे अडीचशेच्या आसपास मृत्यू या तापाशी जोडले गेले. त्याच २००६ मध्ये आपल्याकडे जवळजवळ चौदा लाख रुग्ण, आणि सरकारी आकड्यांत या तापाने झालेला मृत्यू एकही नाही. नंतर अहमदाबाद शहरातील मृत्यूंच्या नोंदी काही अभ्यासकांनी तपासल्या. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००६ या चार महिन्यांत आधीच्या चार वर्षांच्या सरासरीपेक्षा २,९४४ मृत्यू अधिक झाले होते. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ते सारे याच तापाने गेले असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण एका शहरात जवळजवळ तीन हजार माणसे जास्तीची जातात आणि देशाच्या रकान्यात शून्य राहते, तेव्हा त्या शून्याकडे संशयाने पाहणे भाग आहे. आमच्या शेजारची म्हातारी त्याच पावसाळ्यात गेली. तिच्या दाखल्यावर 'वृद्धापकाळ' लिहिले आहे.

हे अटळ होते काय? अमेरिका खंडात १९४७ पासून याच डासाविरुद्ध मोहीम चालली. घरोघर जाऊन पाण्याची भांडी तपासणारी पगारी माणसे होती. १९६२ पर्यंत १८ देशांतून डास हटल्याचे जाहीर झाले. मग पैसा आटला, माणसे कमी केली, डास परत आला. १९८१ मध्ये क्यूबात डेंग्यूचे ३ लाख ४४ हजार रुग्ण आणि १५८ मृत्यू झाले, मृतांत बहुसंख्य मुले. तेव्हा क्यूबाने पुन्हा हजारो माणसे घरोघर पाठवली आणि काही महिन्यांत साथ थांबवली. आपल्याकडे हे काम बहुतेक ठिकाणी कंत्राटी आणि हंगामी माणसे करतात. त्यांतली पुष्कळ आपल्याच वस्त्यांतली आहेत. ब्यारल उलथणाऱ्यांतही आमच्या नात्यातला एक मुलगा होता. त्याला महिन्याचा पगार वेळेवर मिळत नव्हता.

लसीची वाट पाहात बसण्यात अर्थ नाही. चिकुनगुन्याची पहिली लस २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि २०२५ मध्ये तिचा तेथील परवाना स्थगितही झाला. विषाणू मारणारे औषध नाही.

आपल्या कार्यकर्त्यांशी मला थोडे भांडायचे आहे. मी हा विषय एका अभ्यासवर्गात मांडला तेव्हा एक मित्र म्हणाले की डास हा आपला प्रश्न नव्हे, आपला प्रश्न अत्याचार आणि आरक्षण. दुसरे म्हणाले, ब्यारल घासायला सांगणे म्हणजे पालिकेचीच भाषा बोलणे. दोघेही पुरुष होते आणि दोघांच्याही घरात पाणी दुसरे कोणीतरी भरत होते. दररोज पाणी हा हक्क आहे आणि त्यासाठी भांडलेच पाहिजे. पण तो मिळेपर्यंत आईची बोटे वळली पाहिजेत. ब्यारल नुसते रिते करून भागत नाही, पाणी ओतले तरी अंडी भिंतीला तशीच राहतात. आतली भिंत, विशेषतः पाण्याची रेघ उमटते तेथपर्यंत, काथ्याने किंवा ब्रशने खरवडून घासावी लागते, आणि वर जुन्या लुगड्याचे कापड ताणून बांधावे लागते. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडता येतात. हे काम घरातल्या मुलीच्याच गळ्यात पडणार असेल तर मला त्यात काडीचा रस नाही. नळाच्या दिवशी घरातल्या मुलानेही शाळा बुडवावी, किंवा कोणीच बुडवू नये.

ज्या मुलीने प्रश्न विचारला तिला आणि तिच्या वर्गातल्या नऊ जणांना घेऊन आम्ही आमच्याच वस्तीत एक वही सुरू केली आहे. डाव्या पानावर नळ कोणत्या तारखेला किती वाजता आला आणि किती वेळ चालला, उजव्या पानावर कोणत्या घराच्या कोणत्या भांड्यात अळ्या मिळाल्या. पहिल्याच दिवशी आई दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "आदी नळ कवा येणार ते सांग, मग ब्यारल रितं करती." आम्ही तिचे पाणी हंड्यांत काढले, ब्यारल घासले आणि तेच पाणी गाळून परत भरले. वहीचे आता चार महिने झाले आहेत. पुढच्या महिन्यात पालिकेच्या सभेला ती घेऊन जायची आहे, आणि डावे पान वाचायचे की उजवे यावरून मुलांत अजून वाद चालू आहे.